काठ जवळ दिसतो

उदगीरला आमच्या गल्लीत गेलो की अजूनही कुणीतरी विचारतंच, "अप्पा, तुमी नक्की काय करीत होताव?" नौदलात होतो, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण निवृत्तीनंतर शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा जो देशपातळीवरचा महासंघ आहे, त्याचा मी अधिकारी होतो, असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा दयेनं बघतो. ज्या मुलखात प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या मुलखातला हा होड्यांचा साहेब! आमचे थोरले बंधू कापडाच्या दुकानात बसतात. गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देताना म्हणतात, "हा आमचा धाकटा. लोकाची पोरं पाण्यात ढकलतो आन् काठावर थांबून बोंबलतो." दुकानातले सगळे हसतात, मीही हसतो. वर्णन तसं चुकीचं नाही.

दिवाळी अंकाच्या बाईंनी फोनवर "तुमच्या साहसाबद्दल लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी त्यांना लगेच अडवलं. साहस करणारे वेगळे असतात, ते होडीत असतात. मी घाबरण्याचं काम केलं. महासंघानं रीतसर परीक्षा घेऊन मला घाबरण्यासाठी नेमलं होतं आणि ते काम मी इमानेइतबारे केलं. बाई गोंधळल्या आणि म्हणाल्या, बरं, तेच लिहा.

जसा कबड्डीचा महासंघ असतो, कुस्तीचा असतो, तसाच हा. वल्ह्याच्या होड्यांचा निराळा आहे, त्यांची आमची गल्लत करू नये. आमच्या होडीला वल्हं नाही, इंजिन नाही. एक शीड, एक सुकाणू, बाकी वाऱ्याची मर्जी. कोणत्या क्लबला मान्यता द्यायची, होडी मापात आहे की कुणी चलाखी केली आहे, देशाच्या संघातून कोण जाणार, हे सगळं महासंघ ठरवतो. शर्यत घ्यायला माणसंही तोच पाठवतो. त्यांतला मी एक शर्यत-अधिकारी. नांगर टाकलेल्या मोटरबोटीवर उभं राहायचं, वारा कुठून येतो ते बघायचं, आणि त्या मानानं पाण्यात खुणा टाकायच्या. खूण म्हणजे हवेनं फुगवलेला नारिंगी रंगाचा फुगा, ज्वारीच्या कणगीएवढा मोठा, खाली दोरी आणि दोरीला नांगर. पोरं या फुग्यांना वळसे घालत जातात. मी झेंडे वर-खाली करतो आणि भोंगा वाजवतो.

झेंडे पुष्कळ आहेत, पण माझ्या हाताशी कायम दोनच असत. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा वर गेला की शर्यत लांबली. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा गेला की शर्यत रद्द. मुंबईकडचे अधिकारी चेष्टेनं मला पट्टेवाला म्हणायचे, कारण माझा पट्ट्यांचा झेंडा आभाळात ढग दिसला की वर. म्हणेनात का. आमच्या नियमांच्या पुस्तकात सुरुवातीलाच असं आहे की शर्यतीत उतरायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, जबाबदारी त्याची. मोठ्यांच्या बाबतीत ठीक आहे. बारा-तेरा वर्षांचं लेकरू काय ठरवणार? तो नियम वाचून माझं समाधान कधी झालं नाही.

आता भीती कुठून आली ते सांगतो. मी पोहायला शिकलो विहिरीत. आमच्याकडची सगळीच पोरं विहिरीत शिकतात. कमरेला रिकामा डबा बांधायचा, चुलत्यानं वरून ढकलून द्यायचं, नाका-तोंडात पाणी जायचं, की आलं पोहायला. मग पायऱ्यांवरून मुटके मारायचे. विहीर माणसाला पोहायला शिकवते, पण त्याबरोबर एक खोटी गोष्टही शिकवते, की काठ कायम हाताशी असतो. कुठूनही चार हात मारा, भिंत येतेच. नौदलात पहिल्यांदा शिडाची होडी माझ्याखाली उलटली, तेव्हा मी तेच केलं. होडी सोडली आणि किनाऱ्याकडे हात मारायला लागलो. किनारा समोर होता, नारळाची झाडं मोजता येत होती. मी हात मारतोय, मारतोय, आणि झाडं तेवढीच. छाती भरून आली, पाय जड झाले. आमच्या केरळी उस्तादांनी मागून बोट आणली आणि मला ओल्या पोत्यासारखं आत ओढलं. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "किनारा नजदीक दिखता है. होता नहीं."

पुढं हजार पोरांना मी हेच शिकवलं. उलटलेली होडी बुडत नाही, तिच्यात हवेच्या टाक्या असतात. ती लांबून दिसते. माणसाचं डोकं लाटांत दिसत नाही. म्हणून काहीही होवो, बोट सोडायची नाही. ती धरून बसायचं, कुणीतरी येईल.

समुद्र नसलेल्या जिल्ह्यांत खेळ न्यायचा, असं महासंघानं ठरवलं, तेव्हा नकाशात मराठवाडा बघून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा नांदेडला राहायला आलो होतो. कंधारच्या बाजूला एका धरणाचा जलाशय मी सुचवला. त्याचं नाव लिहीत नाही, पुढचं वाचून लोकांनी पोरं पाठवणं बंद करायला नको. परवानगीसाठी गेलो तर तिथल्या कारकुनानं होडीचं चित्र उलटं-सुलटं करून बघितलं आणि एकच सवाल केला, "बुडालं तर जिम्मा कोनाचा?" मी म्हणालो, माझा. "मंग करा सही." केली. आयुष्यात एवढ्या भीतभीत सही मी निकाहाच्या साक्षीलाही केली नव्हती, आणि तो मित्राचा निकाह घरच्यांना न सांगता होता.

उन्हाळ्याच्या सुटीतल्या शिबिराची बातमी पसरली आणि लातूरहून मन्मथअप्पा आले. पाईप, नळ, बोअरच्या मोटारी यांचं दुकान. कपाळाला भस्म, खिशाला दोन पेनं. आमच्यातलेच, लिंगायत असल्यानं आल्या आल्या "शरणार्थ, अप्पा" झालं. मागं त्यांची मुलगी गिरिजा उभी होती, नववीची परीक्षा देऊन आलेली.

"खेळाचे वाढीव मार्क असतेत म्हनं धाव्वीला," मन्मथअप्पा म्हणाले.

"असतात. पण त्याला खेळावं लागतं, मोठ्या स्पर्धेत उतरावं लागतं."

"ते हाय की. पर कसं हाय, अप्पा, लातुरात एक-एका मार्काची मारामारी. पोरीला पान्यात न घालता तुमच्या महासंघाचा कागद भेटंल का? मला पान्याचं लई भ्या वाटतं. मी जिंदगीत पान्यात उतरलो न्हाई."

लातूरच्या माणसाचं शिक्षणाचं वेड मला ठाऊक होतं, पण न भिजता नावाडी व्हायची ही पहिलीच मागणी. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "पाण्यात उतरल्याशिवाय आमच्याकडे कागद मिळत नाही."

ते उठलेच होते. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मंग मी उतरते की. मला येतंय पवायला. मामाच्या हिरीत मी समद्यांत फुडं असते."

मन्मथअप्पांचा चेहरा पडला. आणि खरं सांगतो, माझाही. पोहता न येणाऱ्या पोराची मला भीती वाटत नाही, ते होडीला गोचिडासारखं चिकटतं. भीती वाटते ती विहिरीत पहिल्या येणाऱ्याची.

गिरिजा शिकली मात्र झपाट्यानं. वारा गालावर कुठून लागतो ते तिला दोन दिवसांत कळायला लागलं, जे कित्येकांना महिन्यात कळत नाही. तिची कुरकुर एकाच गोष्टीबद्दल, अंगातल्या तरंगत्या जाकिटाबद्दल. "सर, हे घालून हातच मारता येईनात."

"हात मारायचेच नाहीत. बोट धरून बसायचं. काय करायचं?"

"बोट सोडायची न्हाई," ती म्हणायची आणि हसायची. ते हसणं मला आवडत नसे. रोज सकाळी मी सगळ्या पोरांकडून ते वाक्य पाढ्यासारखं म्हणून घेई. पाढे म्हणता येतात म्हणून हिशेब येतो असं नाही, हे आमच्या दुकानदार वडिलांचं म्हणणं होतं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी शर्यत ठेवली होती. महासंघाकडून एक कॅप्टनसाहेब आले होते, निवृत्त, गोरेपान, समुद्रावर आयुष्य काढलेले. हे पाणी शर्यतींना लायक आहे का, ते बघून त्यांनी अहवाल द्यायचा होता. चांगला गेला तर होड्या इथंच राहणार. माणूस सज्जन, पण तळ्याकडे ते जरा हौदाकडे बघावं तसे बघत होते. "इथं काय होणार आहे? उलटलं कुणी तर चालत येईल," असं त्यांनी चहा पिताना म्हटलं. तलावात उन्हाळ्यामुळे पाणी उतरलेलं, कडेला बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले. 

दुपारी पोरं होड्या घेऊन पाण्यात गेली आणि वारा पडला. शिडं फडक्यासारखी लोंबायला लागली. उकाडा असा, की कपाळावरचा घाम पुसला तरी हात ओला तो ओलाच. पश्चिमेकडे, कंधारच्या अंगाला, आभाळ काळं नव्हतं, तांबूस होतं. आमच्याकडच्या माणसाला तांबूस आभाळाचा अर्थ सांगावा लागत नाही. मी माझ्या नांगरलेल्या बोटीवर पट्ट्यांचा झेंडा चढवला.

"थांबा की, वारा येईलच," कॅप्टनसाहेब काठावरून वायरलेसवर म्हणाले.

"साहेब, तो येईल म्हणूनच," मी म्हणालो.

पण वारा नसेल तर शिडाची होडी परत कशी येणार? ती टोपलीसारखी पडून राहते. म्हणून मी बाकीच्या दोन्ही मोटरबोटी पोरांना ओढून आणायला सोडल्या. एक आमच्या माणसाची, दुसरी किशनमामांची. किशनमामा म्हणजे तिथले मासे धरणारे भोई, शिबिरापुरते आमच्याबरोबर होते. चार-चार होड्या दोरीनं एकामागं एक बांधून काठाकडे निघाल्या. निम्मी पोरं आली. निम्मी अजून मध्येच होती, तेव्हा पलीकडचा काठ दिसेनासा झाला.

आधी धूळ आली. मग आवाज. पाण्यावरून येणारा वारा दिसतो, पाणी पुढून पुढून काळं होत येतं. तसं येताना मी समुद्रावर पुष्कळदा बघितलं आहे, पण तिथं माझ्यासमोर मोठी माणसं होती. मी चौकटींचा झेंडा चढवला, भोंगा तीनदा वाजवला, आणि माझा मलाच ऐकू आला नाही. होड्या आडव्या व्हायला लागल्या, एक, दुसरी, मग बघावं तिकडे नुसती होड्यांची पांढरी पोटं. गारा पडायला लागल्या. माझे हात झेंड्याच्या दोरीवर होते आणि ते कापत होते, हे मला आठवतं, कारण गाठ सुटत नव्हती.

वायरलेसवर कॅप्टनसाहेबांचा आवाज आला, "खुणा उचलून घ्या. फाटतील." शर्यत रद्द झाली की खुणा उचलायच्या, हा आमचा शिरस्ता आहे. सामान महासंघाचं असतं, तेही जपावं लागतं. मी ओरडलो, "खुणा मरू द्या! आधी लेकरं!" यात माझं शहाणपण काही नव्हतं. बोट मोकळी नव्हती, एवढंच.

पोरांनी पाढा नीट म्हटला होता. जो तो आपल्या उलट्या होडीला धरून बसला होता, रडत, ओरडत, पण धरून. आम्ही एकेकाला उचलत गेलो. काठावर कडुनिंबाखाली सगळी जमा केली. शर्यत बघायला त्यांचे आई-बाप आले होते, एकच कालवा चालला होता. मी नावं घेत गेलो. गिरिजाच्या नावाला कुणी ओ दिली नाही.

मी पुन्हा हाक मारली. कालवा थांबला. मन्मथअप्पा झाडाच्या बुंध्याला टेकून उभे होते, ते सरळ झाले.  

किशनमामांच्या बोटीत बसून मी परत गेलो. वारा तेवढाच होता. तिची होडी सापडली बाभळींच्या शेंड्यांत, उलटी, डोलकाठी खाली चिखलात रुतलेली. एकट्या पोरीच्यानं ती कधीच सरळ झाली नसती. होडीवर कुणी नव्हतं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

उलट्या होडीच्या पोटाखाली थोडी हवा राहते. कधी पोर तिथं आत सापडतं, कधी दोरीत अडकलेलं सापडतं. ते बघायचं म्हणजे होडीखाली हात घालायचा. ते माझंच काम. मी बोटीतून वाकून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चाचपायला लागलो. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. बोटांना काहीतरी लागलं, मऊ, लांब, पाण्यात हलणारं. केस. मी डोळे मिटून घेतले. जिवाचं पाणी होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मूठ आवळून ओढलं तर शिडाची उसवलेली दोरी वर आली, तिचे धागे सुटे झाले होते. किशनमामा बघत होते. "न्हाई ना?" त्यांनी विचारलं. मी दोरी वर धरून दाखवली. 

आणि मग थोड्या अंतरावर काहीतरी नारिंगी दिसलं. किशनमामांनी बोट नेली. तरंगतं जाकीट होतं. रिकामं. पट्टे फाटलेले नव्हते, नीट उघडलेले होते, शाळेतून आल्यावर दप्तर काढावं तसे.

मी ते मांडीवर घेतलं. मला सगळं कळलं. होडी सरळ होईना. समोर काठ दिसत होता. मामाच्या हिरीत समद्यांत फुडं असते. जाकिटानं हात मारता येईनात. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी केलंच होतं, फक्त तेव्हा माझ्यामागं उस्ताद होते. इथं उस्ताद मी होतो, आणि मी वेळेवर आलो नव्हतो. पाण्यात उतरल्याशिवाय कागद मिळत नाही, हे माझं वाक्य माझ्या कानात वाजत होतं.

पोहणारा जवळच्या काठाकडे जातो. मी जवळच्या काठाकडे बोट न्यायला सांगितली. डोळे फाडून पाणी बघत होतो. प्रत्येक लाटेत डोकं दिसे आणि लाट फुटली की नाहीसं होई. काठ आला. गिरिजा तिथं नव्हती, पाण्यातून वर गेलेली पावलंही चिखलात नव्हती.

मन्मथअप्पा काठाकाठानं पळत तिथं आले होते आणि पाण्यात उभे होते. जिंदगीत पाण्यात न उतरलेला माणूस, कमरेपर्यंत, चपलांसकट. मी बोटीतून उतरलो. माझ्या हातातलं जाकीट त्यांनी बघितलं. मला ते लपवायचं सुचलं नाही.

ते माझ्याकडे बघेनात. पाण्याकडेच बघत राहिले. मग बोट करून, अगदी साध्या आवाजात, दुकानात माल विचारावा तसं म्हणाले, "अप्पा, त्यो फुगा वाकडा कामून हाय?"

मी बघितलं. आमच्या तीन खुणा पाण्यात होत्या. दोन वाऱ्यानं आमच्याकडे झुकलेल्या. तिसरी उलटी झुकली होती, वाऱ्याच्या तोंडावर. मी इतका वेळ पाण्यात डोकं शोधत होतो, फुग्यांकडे माझं लक्षच नव्हतं. वाऱ्याविरुद्ध फुगा झुकत नाही. पलीकडून त्याला कुणी लोंबकळलं तरच झुकतो.

किशनमामांनी इंजिन असं पिळलं की मी बोटीत आडवा पडलो.

ती फुग्याच्या पलीकडच्या बाजूला होती. नांगराच्या दोरीत एक हात गुंतवलेला, गाल रबराला चिकटलेला, ओठ निळे. डोळे उघडे होते. मी तिला धरलं तरी ती दोरी सोडेना. बोटं आकडली होती. एकेक बोट उकलावं लागलं. बोटीत घेतल्यावर ती बराच वेळ थरथरत राहिली आणि मग दात वाजवत म्हणाली, "सर, मी काठाकडं निगाले होते. काठ मागं सरकून राहिला होता." थोड्या वेळानं म्हणाली, "बोट सुटली होती. मंग ह्ये धरलं. ह्ये न्हाई सोडलं."

काठावर मन्मथअप्पांनी तिला उपरण्यात गुंडाळलं आणि गाडीत बसवलं. मला एक शब्द बोलले नाहीत. रागही नाही, आभारही नाही. गाडी गेल्यावर मी कडुनिंबाच्या मागं जाऊन ओकलो.

संध्याकाळी कॅप्टनसाहेब माझ्याजवळ येऊन बसले. "दुपारपासूनच तुम्ही घाबरला होतात," ते म्हणाले. मला वाटलं टोमणा आहे. पण ते पुढं म्हणाले, "मी घाबरलो नव्हतो. अहवालात तेच लिहावं लागेल." आणि त्यांनी खरंच लिहिलं, की या पाण्यावर उन्हाळ्यात कुणी उतरू नये, हिवाळ्यातच शिबिरं घ्यावीत, आणि मोटरबोटी वाढवाव्यात. होड्या इथंच राहिल्या. शर्यत रद्द झाल्यामुळे निकाल नाही, निकाल नाही म्हणून कुणालाच कागद मिळाला नाही. पुढं पुष्कळ दिवस मला झोपेत हाताला केस लागायचे. बायको हात धरून बसायची.

हिवाळ्याच्या शिबिराला पहिल्याच सकाळी एक गाडी येऊन थांबली आणि मन्मथअप्पा उतरले. मागून गिरिजा उतरली, घरूनच नवं तरंगतं जाकीट घालून आलेली. मला वाटलं जाब विचारायला आले असतील. मी पुढं झालो.

"शरणार्थ," ते म्हणाले. "ही ऐकनाच झाली. मार्काचं न्हाई बरं का, मार्क गेले चुलीत. होडीच पायजे म्हनती." पाण्याकडे पाठ करून ते उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. पोरीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

मला त्यांना धीर द्यायचा होता. गाठीला होता नव्हता तेवढा हुरूप गोळा करून मी म्हणालो, "आता सगळा बंदोबस्त आहे, अप्पा. बोटी वाढवल्यात. हिवाळ्याचा वारा शहाणा असतो. मला तर आता काही भीतीच वाटत नाही. तुम्ही बिनघोर राहा."

त्यांचा चेहरा बदलला. ते पोरीला घेऊन गाडीकडे वळलेच. "मंग न्हाई," ते म्हणाले. "चल गं."

"अहो, काय झालं?"

"तुमाला भ्या वाटंना झालं तर मी हिला कोनाच्या भरवशावर सोडू? त्या दिशी समदे हसून राहिले होते. तुमी एकटेच भेलाव. म्हून ही घरी आली."

गिरिजा माझ्याकडे बघत होती. मी खिशातून हात बाहेर काढले. झेंडे चढवायच्या दिवशी ते सकाळपासून खिशात असत, कुणाला दिसू नयेत म्हणून. दोन्ही हात मी मन्मथअप्पांच्या समोर धरले. ते कापत होते.

"खोटं बोललो," मी म्हणालो. "पहाटेपासून पोटात गोळा हाय, अप्पा. चहासुदिक खाली उतरंना."

त्यांनी माझे हात नीट बघितले, दुकानात मोटारीचं वायंडिंग तपासावं तसे. मग पोरीच्या अंगातल्या जाकिटाचे पट्टे एकेक ओढून बघितले.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि तिचा हात सोडला. "जा, माय."